विहिणीशी भांडण्यापुरतं फ्रेंच

मी फ्रेंच शिकले ती भांडायला. लोक पॅरिस बघायला शिकतात, नोकरीसाठी शिकतात. आमच्या शाळेतल्या एक बाई तर अत्तराच्या बाटल्यांवरची नावं नीट वाचता यावीत म्हणून शिकणार होत्या, पण त्यांचं राहूनच गेलं. मला माझ्या विहिणीशी भांडायचं होतं, आणि त्या बाईला फ्रेंचखेरीज दुसरी कुठलीच भाषा येत नव्हती. मग करता काय?

आधी काय झालं ते सांगते. माझा मुलगा एकुलता एक. सिल्वासात जन्मला, इथंच शिकला, मसाटला एका धाग्याच्या कारखान्यात थोडे दिवस नोकरी केली आणि पुढचं शिकायला म्हणून फ्रान्सला गेला. तिथं त्याला एक मुलगी आवडली. तसं त्यानं आम्हाला सांगितलं, आम्ही हो म्हटलं. मी तर तिच्यासाठी साडीसुद्धा बघून ठेवली. मग एका शनिवारी संध्याकाळी मी घावनं घालत असताना मोबाइलवर फोटो आला. मुलगा कोटात, मुलगी पांढऱ्या झग्यात, दोघं कुठल्याशा नगरपालिकेच्या पायऱ्यांवर उभी. खाली लिहिलेलं, 'आई, आम्ही लग्न केलं.' तव्यावरचं घावन करपलं. मी लगेच फोन लावला. तो म्हणाला, "अगं, कागदपत्रांची घाई होती. तिच्या आईनं सगळं बघितलं."

तिच्या आईनं सगळं बघितलं! हे वाक्य माझ्या डोक्यात जे घर करून बसलं ते बसलंच. म्हणजे मुलीच्या आईनं सगळं बघायचं आणि मुलाच्या आईनं फोटो बघायचा. वा रे न्याय! आमचे हे म्हणाले, "जाऊ दे, पोरं सुखात आहेत ना?" यांचं सगळ्याला 'जाऊ दे' असतं. प्रशासनाच्या कचेरीत सगळी नोकरी त्यांनी 'जाऊ दे' वर काढली आणि सुखरूप रिटायर झाले. माझ्याच्यानं जाऊ देववलं नाही.

आता एक गोष्ट ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्या मूळ गावाकडे, कोकणात, मुलाची आई लग्नात एकदा रुसते. ती खरीच रागावलेली असते असं नाही. कारण काहीही चालतं. माझ्या सासूबाई माझ्या लग्नात गजरा सुकलेला निघाला म्हणून रुसल्या होत्या. भिंतीकडे तोंड करून बसल्या, ताटाकडे बघेनात. मग मुलीकडच्यांनी जायचं, "विहीणबाई, चला, पंगत खोळंबलीय" म्हणायचं. त्यांनी नको म्हणायचं. परत बोलवायचं, परत नको. मग मुलीच्या वडलांनी हात जोडायचे, कोणीतरी धावत जाऊन नवा गजरा आणायचा, आणि मग विहीणबाई गुडघ्यावर हात टेकून "तुमच्या शब्दाबाहेर नाही हो" म्हणत उठायच्या. त्या उठणार हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांनाही माहीत असतं. तरी तेवढा वेळ अख्खा मांडव त्या एका बाईच्या विनवण्या करत असतो. जिनं पोरगा वाढवला आणि आता तो दुसरीच्या हाती द्यायचा, तिला एक दिवस सगळ्यांनी "चला हो" म्हणावं, एवढंच त्यात असतं. मला मुलगा झाला तेव्हापासून मी तो दिवस धरून चालले होते. गजऱ्यावरून रुसायचं नाही, काहीतरी वेगळं कारण काढायचं, एवढंसुद्धा माझं ठरलेलं होतं.

सुरुवातीला मी सरळ मार्गानं गेले. व्हिडिओ कॉलवर विहीणबाई दिसल्या. उंच, बारीक, पिकलेले केस कानाच्या वर कापलेले. त्यांच्या गावात त्या कुत्र्यांचे केस कापायचं दुकान चालवतात. हे कळल्यावर आमच्या यांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "चालत असेल." मी मुलाला म्हटलं, "त्यांना विचार, मुलाच्या आईला न बोलावता लग्न उरकायची तुमच्याकडे पद्धत आहे का, आणि असली तर ती कुठल्या शहाण्यानं घालून दिली." मुलानं चार शब्दांत काहीतरी सांगितलं. बाई हसल्या आणि मला हात हलवून दाखवला. मी काय ते समजले. आमचा पोरगा भाषांतर करत नव्हता, गाळत होता. पुढच्या कॉलला मी आणखी तिखट बोलले. बाईंनी फ्लाइंग किस पाठवला.

मध्यस्थ घालून समेट होतो, भांडण होत नाही. भांडण स्वतःच्या तोंडानं करावं लागतं.

मुलाच्या कपाटात त्याचा जुना पेन ड्राइव्ह होता. जायच्या आधी तो त्यातली रेकॉर्डिंगं ऐकून फ्रेंच शिकला होता. मला ते ठाऊक होतं, कारण तेव्हा तो जेवतानासुद्धा कानात बोंडं घालून बसायचा आणि वरण वाढू का विचारलं की "वुई", म्हणजे हो, म्हणायचा. शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना मी म्हटलं, एवढं माझ्या मोबाइलवर टाकून द्या. त्यांनी विचारलं, "काय आहे बाई यात?"

"स्तोत्रं आहेत."

त्यांनी मोबाइल दोन्ही हातांनी परत दिला.

त्या रेकॉर्डिंगांत तीन माणसं. एक फ्रेंच पुरुष, एक फ्रेंच बाई आणि मध्ये एक इंग्रजी बोलणारा मास्तर. फ्रेंच माणूस बोलणार, मास्तर इंग्रजीत अर्थ सांगणार, मग म्हणणार, आता तुम्ही म्हणा. मग थोडी शांतता. त्या शांततेत आपण बोलायचं. मग मास्तर म्हणणार, "व्हेरी गुड." पहिल्या दिवशी मी भेंडी चिरत होते, तोंडसुद्धा उघडलं नव्हतं, तरी हा म्हणतो व्हेरी गुड! मी पहिलीला शिकवते, सरकारी मराठी शाळेत. पोरानं तोंड उघडल्याशिवाय मी त्याला कधी शाबास म्हटलेलं नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप धुळे-नंदुरबारहून मसाटच्या कारखान्यांत आलेले, घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, आणि माझ्यासमोर बसल्यावर पुस्तकातली मराठी. त्यांच्याकडून मी एकेक शब्द घासून घेते. आणि हा मास्तर भेंडीला व्हेरी गुड म्हणतोय. त्याच्याबद्दलचं माझं मत तिथंच झालं. पण दुसरा कोण होता शिकवायला? अडला हरी, दुसरं काय!

शिकत गेले. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, शाळेत जाता-येता. तुम्हाला सांगते, त्या फ्रेंच माणसाला जन्मभर फक्त कॉफी हवी असते. कॉफी मिळाली की स्टेशन कुठं आहे ते हवं असतं. स्टेशन मिळालं की दोन दिवसांसाठी खोली हवी असते, खिडकीतून समुद्र दिसणारी. याला नोकरी नाही, चाकरी नाही, आई नाही, बाप नाही. आणि ती बाई तर कशालाच चिडत नाही. पाकीट हरवलं, गाडी चुकली, छत्री विसरली, ही आपली म्हणतेय, काही हरकत नाही. इतक्या पाठांत कोणी कोणावर एकदा म्हणून ओरडत नाही. मला प्रश्न पडायचा, या देशात भांडतात तरी कसे? भावाभावांच्या वाटण्या होतात तेव्हा काय म्हणतात? काही हरकत नाही?

सकाळी मी आमच्या आमली भागातल्या रस्त्यानं फिरायला जाते. तो वेळ अभ्यासाला बरा. कानात शांतता आली की मोठ्यानं म्हणायचं, 'मला एक कॉफी हवी आहे.' रात्रपाळी करून येणारी माणसं बाजूनं जायची, त्यांतला एकजण, आमच्या शाळेतल्या एका पोराचा बाप, हळूच म्हणाला, "कोनासंगे बोली राहिनात, बाई?" मी कानाकडे बोट दाखवलं. त्याला वाटलं फोन चालू आहे. तो गप्प बाजूनं चालायला लागला. मग मी फोनवरच्या माणसाला परत कॉफी मागितली, परत मागितली, आणखी एकदा मागितली. त्यातलं 'काफे' तेवढं त्याला कळलं असावं. शेवटी तो म्हणाला, "द्या ना सोडी, बाई. देत नही तो."

शेजारच्या गुजराती बेन त्याच्याहून पुढं. त्यांनी यांना जिन्यात गाठलं आणि विचारलं की माझी तबियत बरी आहे ना, डोक्याचा काही त्रास नाही ना. हे म्हणाले, "फ्रेंच आहे." बेनना वाटलं ते एखादं दुखणंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिंबाचा काढा पाठवला.

मग एक दिवस कणीक मळताना हॉटेलमधल्या तक्रारींचा पाठ लागला. मी हात थांबवला. तो कॉफीवाला माणूस पहिल्यांदाच नाराज झाला होता. म्हणाला, 'मी समाधानी नाही.' म्हणाला, 'हे बरोबर नाही.' म्हणाला, 'मला मालकांशी बोलायचं आहे.' अरे वा, म्हटलं, जिवंत आहे की! नळाला गरम पाणी येत नव्हतं, तेवढ्यावरून तो इतकं बोलला. माझं तर पोराचं अख्खं लग्न गेलं होतं. तो पाठ मी रोज ऐकायला लागले. मास्तर म्हणायचा, पुन्हा म्हणा. मी पिठाचे हात कमरेवर ठेवून ते समाधानी नसल्याचं वाक्य म्हणायचे, "झ न स्वी पा कोंतांत!"

"अगं, पुढचं 'कृपया' राहिलं," हे आरामखुर्चीतून म्हणाले.

मी बघतच राहिले. मी स्पीकरवर लावायचे, हे पेपर वाचत बसायचे आणि न शिकता शिकले होते. वर उच्चार माझ्याहून बरा! अशा वेळी माणसानं काय करावं? मी यांना त्या दिवशी गार पोळी वाढली. 'कृपया' मात्र मी मुद्दामच गाळलं होतं. कृपया म्हणून कोणी भांडतं का?

नाताळच्या सुट्टीत ते सगळे आले. मुलगा, सून आणि विहीणबाई. मुंबईहून टॅक्सीनं, दुपारी. सून गोड आहे, उगाच का खोटं बोलू. आल्या आल्या वाकून नमस्कार केला, मीही तिला जवळ घेतलं. तिच्याशी माझं काही वाकडं नव्हतंच. मी तिच्या मागं उभ्या असलेल्या उंच बाईकडे बघत होते.

विहीणबाई पुढं आल्या आणि फ्रेंचमध्ये म्हणाल्या, "नमस्कार, मी फार आनंदात आहे."

इथं माझा घात झाला. इतके दिवस कानात कोणी फ्रेंच बोललं की ते तसंच्या तसं परत म्हणायची मला सवय लागलेली. मी त्याच सुरात म्हणाले, "नमस्कार, मी फार आनंदात आहे."

त्या म्हणाल्या, प्रवास लांबचा होता. मीही म्हटलं, प्रवास लांबचा होता, आमलीतल्या माझ्या स्वतःच्या दारात उभी राहून. त्यांनी हरखून माझ्या दोन्ही गालांना गाल लावले. मुलगा बॅग हातात धरून तसाच उभा. "आई, तू? कधी?"

"व्हेरी गुड," हे मागून म्हणाले.

पहिल्या दिवशी मी भांडले नाही. घरात पाय ठेवलेल्या माणसाला लगेच बोलायचं नाही, ही आमच्या माहेरची रीत. शिवाय मनात एक हिशेब होता. भांडायचं ते नंतर. आधी माझा रुसवा. तो माझा हक्काचा, आणि त्याला भाषा लागत नाही. जगात कुठल्याही बाईला कळेल की यजमानीण जेवायला बसत नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय. असं मला वाटलं. इथंच मी फसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी उकडीचे मोदक केले. पानं मांडली, तूप वाढलं, सगळे बसले. मी बसले नाही. विहीणबाईंनी खुर्चीकडे हात दाखवून विचारलं, तुम्ही? मी मान वळवली आणि म्हटलं, "मला भूक नाही."

"अच्छा, बरं," अशा अर्थाचं काहीतरी त्या म्हणाल्या आणि मोदक फोडला.

मी आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसले, भिंतीकडे तोंड करून. आता येतील, म्हटलं. चमच्यांचे आवाज येत होते. मुलगा दाराशी आला. "आई, चल ना."

"तू नाही यायचं," मी हळू आवाजात म्हटलं. "तू आपल्याकडचा. त्यांच्याकडच्यांनी यायचं असतं."

तो बाहेर गेला. बाहेर फ्रेंचमध्ये बरंच काही बोलणं झालं. मला भिंतीतून सगळं समजेना. मी सावरून बसले, चेहरा नीट केला. कोणी आलं नाही. उलट विहीणबाईंचा आवाज आला, आणि तो मात्र मला अक्षर न् अक्षर कळला. त्यांनी आणखी एक मोदक मागितला.

नंतर यांनी आत येऊन सांगितलं. मुलगा म्हणत होता, जाऊन एकदा बोलवा. तर बाई म्हणाल्या, एवढी मोठी बाई भूक नाही म्हणतेय, तर तिच्या मागं लागणं बरं दिसत नाही. तिच्या शब्दाला मान द्यायला हवा.

मान! झाला माझा मान. बाईंनी जेवण झाल्यावर स्वतःचं ताट स्वतः घासून ठेवलं, तो आवाजही मी ऐकला. विहीण माझ्या घरी भांडी घासतेय आणि मी पलंगावर. संध्याकाळी हे ताट घेऊन आले. मी हात लावला नाही, मुलाकडच्यांच्या ताटानं रुसवा मोडत नाही. चहा तेवढा घेतला, कारण चहा रुसव्यात धरत नाहीत. रात्रीच्या जेवणालाही तेच. विहीणबाईंनी दारातून डोकावून विचारलं, भूक? मी म्हटलं नाही. त्यांनी मान हलवली, अगदी अदबीनं, आणि दार हळूच ओढून घेतलं. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? पोट रिकामं होतं म्हणून नाही. मांडव नाही, पंगत नाही, आणि एवढ्या वर्षांनी रुसले तर समोरच्या बाईनं दार लोटलं, आवाज होऊ नये म्हणून जपून.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहाच्या कपाबरोबर ठरवलं. आज बोलायचं. आज सोडायचं नाही.

दहाच्या सुमाराला मुलगा आम्हाला दादऱ्याच्या तळ्याच्या बागेत घेऊन गेला. हे घरीच थांबले, पाणी यायची वेळ होती. मुलगा आणि सून पायानं चालवायच्या बोटीत बसून तळ्यात गेली. आम्ही दोघी विहिणी काठावरच्या बाकावर. मुलगा बोटीतून सारखा वळून बघत होता. बघ म्हटलं, आता गाळून दाखव.

"मादाम," मी म्हटलं, "मी समाधानी नाही."

त्यांनी उन्हाचा चष्मा काढला. "नाही?"

"हे बरोबर नाही."

"काय बरोबर नाही?"

पुढचं वाक्य मालकांशी बोलायचं आहे असं होतं, ते मी टाळलं. "लग्न," मी म्हटलं. "लग्न होतं. मी नव्हते. तुम्ही होता. मी आई आहे. मी नव्हते." इतके महिने पोळ्या लाटता लाटता जमवलेलं भांडण एवढ्यातच संपलं. पण आवाज चांगला लागला होता. शेंगदाणेवाला वळून बघायला लागला.

विहीणबाई काहीतरी भराभर बोलल्या. मला एक अक्षर कळलं नाही. "कृपया हळू बोला," मी म्हटलं. शेवटी 'कृपया' म्हणायला लागलंच.

त्या थांबल्या. मग रेकॉर्डिंगमधल्या बाईसारखा एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "मीसुद्धा नव्हते."

मी सवयीनं परत म्हटलं, "मीसुद्धा नव्हते." आणि म्हणता म्हणता मला त्याचा अर्थ लागला.

त्यांनी पर्समधून फोन काढून दाखवला. तोच फोटो, त्याच नगरपालिकेच्या त्याच पायऱ्या. तो आला तेव्हा त्या दुकानात होत्या. त्यांनी दोन बोटांची कात्री करून दाखवली, मग एका बाजूला केस, दुसरी बाजू तशीच, असं हातानं कुत्रं काढून दाखवलं. त्या कुत्र्याचे उरलेले केस त्या दिवशी कापलेच गेले नाहीत. त्यांना असं सांगण्यात आलं होतं की मुलाच्या आईला गाजावाजा नको होता, तिच्याच म्हणण्यावरून सगळं साधं केलं. म्हणजे तिकडे सगळं मी बघितलं होतं.

"मला वाटलं," त्या सावकाश म्हणाल्या, "तुम्हाला आम्ही नको आहोत. काल तुम्ही जेवला नाहीत. मला वाटलं, माझ्याबरोबर जेवायचं नाही."

मी नुसती मान हलवत राहिले, नाही, नाही, नाही. बोट काठाला लागत होती. आमची तोंडं बघूनच पोराच्या काय ते लक्षात आलं असावं, कारण तो उतरायला बराच वेळ लावत होता.

"इकडे ये," मी म्हटलं. मराठीतून. "कोणी बघितलं रे तुझं लग्न?"

"अगं आई, कागदपत्रांची..."

"कागदपत्रं ठेव बाजूला. आम्हा दोघींना बनवलंस. का?"

तो सुनेकडे बघायला लागला. तिला मराठी येत नाही, पण तिनं मान खाली घातली. मग तो बोलला. एकदम बोलला, लहानपणी मार खाण्याआधी बोलायचा तसा.

"तुला बोलावलं असतं तर तू आली असतीस. आणि जेवायच्या वेळी रुसली असतीस. नाही म्हणू नकोस. लहानपणापासून ऐकतोय मी, तुझ्या लग्नात मी रुसणार म्हणून. तिथं कोणाला कळलं असतं, आई? तुझी समजूत काढायला होतं कोण तिथं? त्या सगळ्यांनी, त्यांना भूक नसेल म्हणून सोडून दिलं असतं आणि जेवले असते. आणि तू आत एकटी बसून राहिली असतीस, माझ्या लग्नात, वाट बघत. काल बघितलंस ना? काल मला एक घास गेला नाही."

"आणि विहीणबाईंना का नाही बोलावलंस?"

"तुला नाही आणि त्यांना बोलवायचं? ते कसं करणार? म्हणून कोणालाच नाही."

मला त्याच्या एक सणसणीत ठेवून द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. बोटीच्या रांगेतली माणसं बघत होती. राग होताच, तो आजही आहे. पण तो पोरगा माझ्या रुसव्याला घाबरला नव्हता. माझा रुसवा फुकट जाईल म्हणून घाबरला होता. हे कळल्यावर त्या रागाचं करायचं काय, तेच मला सुचेना.

विहीणबाईंनी विचारलं, "काय म्हणाला तो?"

मुलानं सांगायला तोंड उघडलं. "तू थांब," मी म्हटलं. गाळलेलं पुष्कळ झालं होतं.

पण सांगायचं कसं? रुसवा म्हणजे काय, हे सांगणारा पाठच नाही. त्या कॉफीवाल्यानं कधी कोणाची समजूत काढलेली नाही, त्याची कोणी काढलेली नाही. माझ्यापाशी होते तेवढ्याच शब्दांत मी सांगितलं.

"मादाम, काल मला भूक होती."

मग त्यांचा हात तोंडावर गेला. "काल? अख्खा दिवस?"

"अख्खा दिवस."

त्या कुत्र्यांचे केस कापणाऱ्या बाईचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा पर्समध्ये टाकला, उठून उभ्या राहिल्या आणि माझ्यापुढं हात केला. "आणि आता? आता भूक आहे?"

पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदाही म्हणायचं असतं. माझ्या ओठांवर ते आलंही होतं. पण ही बाई माझा शब्द खरा धरणारी. नको म्हटलं असतं तर तिनं मान हलवून, अगदी अदबीनं, हात मागं घेतला असता.

"हो," मी म्हटलं, आणि तिचा हात धरून उठले.